डाल्याखालचे पंधरा दिवस

धारूरचा घाट उतरून आत वळलं की एक गाव लागतं. तिथल्या शाळेत मी सहा वर्षं मास्तर होतो आणि गावात माझी ओळख ‘केवळामावशीच्या शेजारचे गुरुजी’ अशी होती. डी.एड. केलं, चार परीक्षा दिल्या आणि शेवटी ओळख काय, तर कोंबड्या सांभाळणाऱ्या एका म्हातारीचा शेजारी. सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढं त्या ओळखीवर मी गावात सुखानं राहिलो. त्या बदल्यात मी मावशीला काय दिलं, ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

मावशीचं कागदावरचं नाव केवळबाई. साठी उलटलेली, अंगानं काटक, उन्हानं रापलेली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि हातात कायम काहीतरी असायचं. सूप नाहीतर खराटा, नाहीतर बगलेत एखादी कोंबडी. समोरून येताना ‘जयभीम गुरुजी’ म्हणायची ते खणखणीत, पण उत्तरासाठी थांबायची नाही. पत्र्याची एक खोली, पुढं अंगण, अंगणात दगडमातीचं खुराडं, आणि मागच्या बाजूला कडुलिंबाखाली बांबूचं एक भलं मोठं डालं पालथं घातलेलं. माझी भाड्याची खोली तिच्या भिंतीला लागून होती. तिचा कोंबडा पहाटेच मला उठवायचा आणि मी त्याला शिव्या घालायचो.

“गुरुजी, त्यो तुमच्यासाठी न्हाई वरडत,” ती पलीकडून म्हणायची. “तुमी निजा.”

आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला जातं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार चढतो. भांडी, गोधड्या, पोरं, एखादी शेळी. कोंबड्यांचं मात्र जमत नाही. उसाच्या फडावर पाचटाची कोपी घालून राहणाऱ्यांची कोंबडी आठ दिवस टिकत नाही. कुत्रं नेतं, नाहीतर माणूस नेतो. म्हणून जाणाऱ्या बायका आपापल्या कोंबड्या मावशीकडे ठेवून जायच्या आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतल्या की घेऊन जायच्या. मधली अंडी मावशीची, पिल्लं निम्मी-निम्मी. कागद नाही, साक्षीदार नाही. आणलेली कोंबडी मावशीकडून परत मिळते, एवढीच तिची पत आणि त्यावरच तिचं पोट.

नवरा होता तोवर तीही ऊस तोडायला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा गेला आणि ती अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्याकडे मुकादम बघत नाही. लेक माजलगावकडे दिलेली, तिच्या दारात जाऊन बसणं मावशीला मान्य नव्हतं. तेव्हा ती गावात राहिली आणि कोंबड्या ठेवून घ्यायला लागली.

कोंबडी ठेवायला येणारी बाई आपल्या जुन्या साडीची चिंधी कोंबडीच्या पायाला बांधून आणायची. हिरवी जनाबाईची, जांभळी ठिपक्यांची आणखी कुणाची. मावशीला चिंधीची गरज नव्हती, तिला कोंबडी चालीवरून कळायची. पण बायकांना बांधायचीच असायची. बांधताना त्या कोंबडीशी काहीबाही बोलत आणि डोळे पुसत. पोरं आजीकडे ठेवून जाताना न रडणाऱ्या बाया मी कोंबडी ठेवताना रडलेल्या पाहिल्या आहेत.

वस्तीबाहेरच्या, गावातल्या बायकाही कोंबड्या घेऊन यायच्या. मावशीच्या घरचं पाणी त्यांना चालत नसे. कोंबडी मात्र सहा महिने तिच्या अंगणात चालायची. मी एकदा हे मावशीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “कोंबडीला काय ठावं गुरुजी? तिला पाणी लागतं.” आणि ती गाडग्यात पाणी भरायला निघून गेली.

आता दहा-पंधरा घरच्या कोंबड्या एका अंगणात नांदवायच्या म्हणजे खेळ नाही. ज्यांनी पाळल्या आहेत त्यांना माहीत आहे. जुन्या कोंबड्या नव्या तलंगांना, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, जगू देत नाहीत. डोक्यात टोचा मारून रक्त काढतात, दाण्याजवळ येऊ देत नाहीत, आणि तलंग बिचारी कोपऱ्यात उभी राहून वाळून जाते. मावशी म्हणायची, “आपली जागा गेली असं वाटतं त्यांला. जागा न्हाई गेली, हे कळायला येळ लागतो. तेवढा येळ आपुन द्यायचा.”

तो वेळ म्हणजे पंधरा दिवस. पहिला आठवडा नव्या कोंबड्या मागं कडुलिंबाखाली, डाल्यात. त्यांचं पाणी वेगळं, दाणे वेगळे. मावशी आधी जुन्यांना खायला घालायची, मग नव्यांना, आणि मग हातपाय धुऊन पुन्हा अंगणात यायची. रोज सकाळी डाल्यापाशी उकिडवी बसून नव्यांची शीट बघायची. पातळ आहे का, हिरवी आहे का. “आजार बाहीरून येतो आन पावण्यासारखा येतो,” म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात तेच डालं अंगणाच्या मधोमध. जुन्या भोवतीनं फिरणार, फटीतून बघणार, टोच मारायला जाणार आणि बांबूवर चोच आपटून घेणार. चार दिवसांत त्यांना कंटाळा यायचा. मग पंधराव्या दिवशी दिवेलागणीला नव्या खुराड्यात सोडायच्या, म्हणजे भांडायला उजेड नाही आणि सकाळी सगळ्या एकाच दारातून बाहेर पडतात. दाणे दोन ठिकाणी, पाणी दोन ठिकाणी. आणि नवी तलंग कधीही एकटी सोडायची नाही, निदान दोघी तरी. या नियमात तिनं कधी कुणाची भीड ठेवली नाही.

एक जुनी तांबडी कोंबडी होती, तिला मावशी जमादारीण म्हणायची. तिनं एका तलंगेचं डोकं पार सोलून काढलं. मी म्हणालो, “मावशी, हिला रविवारी चुलीवर चढवा.” मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच जमादारीण आहे. तिनं काय केलं, तर मारणारीलाच उचललं आणि चार दिवस डाल्याखाली घातलं. तोवर जखमी तलंग अंगणात मोकळी हिंडली, दाणे खायला शिकली. जमादारीण बाहेर आली तेव्हा तिलाच कुणी जवळ करेना. ती भिंतीपाशी उभी राहिली. मला आनंद झाला. मावशीनं मात्र दोन दिवस तिच्यासाठी दाण्याची तिसरी जागा केली. म्हणाली, “उतरली न्हवं तिची? मग आता बास की.”

मी गावात नवा आलो तेव्हा कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. दुकानात गेलो की गप्पा थांबायच्या. मला वाटलं, गाव माजलेलं आहे. पंधरा-वीस दिवसांनी एकानं चहाला बोलावलं, दुसऱ्यानं भाकरीला, आणि महिन्याभरात मी गावचा झालो. फार पुढं कळलं की मावशीनंच वस्तीवर सांगून ठेवलं होतं, “नवं माणूस हाय. पंधरा दिस कुणी अंगावर जाऊ नका. त्याला बघू द्या, तुमी त्याला बघा.” मला कोंबडीच्या मापानं मोजलं म्हणून मी चांगला दोन दिवस फुगून बसलो. ती म्हणाली, “मग काय झालं? टिकलात की.”

माझ्यापासून तिसऱ्या घरात मुक्ता राहायची. पंचविशीची, नवऱ्याबरोबर कोयत्याला जाणारी, आणि जिभेला हाड नसलेली. सरपंचाला भर सभेत ‘खोटं बोलता’ म्हणणारी गावात ती एकटीच. तिची ठिपक्यांची एक कोंबडी होती, लग्नात आईनं दिलेली. ती मावशीकडे ठेवताना मुक्ता म्हणायची, “मावशी, हिला काय झालं तर मी तुमच्या दारातून उठणार न्हाई बरं का.” मावशी हसायची आणि ठिपकीला बगलेत घ्यायची.

एका वर्षी बायका गेल्यावर महिना-दीड महिन्यानं एक योजना आली. सुधारित जातीच्या तलंगा गरजू बायकांना फुकट. मावशीचा अर्ज मीच भरला. फोटो, अंगठा, रहिवासी दाखला, सगळी धावपळ मी केली आणि त्याबद्दल स्वतःवर खूश होतो. एका टेंपोतून, कुठल्या कुठल्या गावांना वाटत आणलेल्या दहा तलंगा मावशीच्या दारात उतरल्या. पांढऱ्या, मऊ, एकसारख्या. मावशीनं त्या थेट मागं डाल्याखाली नेल्या. “वळख न्हाई पाळख न्हाई,” म्हणाली. “ह्यांला पंधराच्या जागी ईस दिस ठिवते.”

सहाव्या दिवशी भर दुपारी योजनेचे साहेब आले. लाभार्थीचा कोंबड्यांसह फोटो हवा होता. मावशी म्हणाली, “मागं डाल्याखाली हायेत साहेब.”

साहेब माझ्याकडे वळले. “गुरुजी, मी काय डाल्याचा फोटो काढू? बाई, अंगण आणि कोंबड्या एका फोटोत पाहिजेत. मला अजून चार गावं करायचीत.”

“मग आधी माझ्या जुन्या कोंडू द्या,” मावशी म्हणाली. “घटकाभर लागंल.”

जुन्या तीस-पस्तीस कोंबड्या त्या वेळी सगळ्या वस्तीभर पांगलेल्या होत्या. घटकाभर वेळ लागलाच असता. साहेबांनी घड्याळ बघितलं. माझा बदलीचा अर्ज तालुक्याला पडून होता आणि साहेबांची तिथं ऊठबस होती. असं मी तेव्हा मनाशी म्हटलं नाही, पण ते मनात होतं. मी म्हणालो, “मावशी, दोन मिनिटांचं तर काम. एवढं काय सोवळं लावलंय!”

हा शब्द मी कुणाला वापरतोय, याचं मला भान राहिलं नाही. मावशीनं हातातलं ज्वारीचं सूप खाली ठेवलं. मी मागं गेलो, डालं उचललं आणि तलंगा हाकलत पुढं अंगणात आणल्या. त्या बिचकून भिंतीशी गोळा होऊन बसल्या. साहेब म्हणाले, “अंगण रिकामं दिसतंय हो.” मी मावशीच्या सुपातली मूठभर ज्वारी घेतली आणि अंगणात फेकली.

“गुरुजी, न्हाई!” मावशी ओरडली.

दाण्याचा आवाज ऐकून वस्तीभरच्या कोंबड्या धावत आल्या. हिरव्या चिंधीची, जांभळ्या चिंधीची, मुक्ताची ठिपकी, सगळ्या. नव्या आणि जुन्या एकाच जागी तुटून पडल्या, टोचाटोची झाली, एकीनं दुसरीच्या चोचीतला दाणा ओढला, एकाच गाडग्यात सगळ्यांनी चोची बुडवल्या. “वा!” साहेब म्हणाले. “हसा बाई.” साहेबांनी सांगितल्यावर ती हसली. फोटो फार सुंदर आला.

साहेब गेल्यावर मावशीनं एकेक तलंग धरून परत डाल्याखाली घातली. गाडगं फोडून टाकलं. अंगणभर चुलीतली राख पसरली. मी खोलीत जाऊन वह्या तपासायला घेतल्या.

चौथ्या दिवशी नव्यांतली एक तलंग मान उलटी पिरगाळून बसलेली दिसली. आमच्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात. पुढच्या आठवड्यात मानमोडी अंगणात शिरली. मावशीनं लसूण चारला, हळदीचं पाणी पाजलं, स्वतः चालत जाऊन जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, आता लस देऊन उपयोग नाही. मावशी रोज सकाळी खुराड्याचं दार उघडायची आणि हात घालून मेलेल्या बाहेर काढायची. ओढ्यापलीकडे खड्डा खणून चुना टाकून पुरायची. पुरण्याआधी प्रत्येकीच्या पायाची चिंधी सोडून घ्यायची. दोन आठवड्यांत अंगण साफ झालं. मला पहाटे उठवणारा कोंबडाही गेला.

वस्तीवर तेव्हा म्हातारी आणि पोरं सोडून कुणी नव्हतं. त्यामुळे कोंबड्या मेल्याची बोंब झाली नाही. आणि मग महिन्याभरानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फ्लेक्स लागला. यशस्वी लाभार्थी म्हणून मावशी, हसणारी, आणि तिच्याभोवती चाळीसेक कोंबड्या. मुक्ताची ठिपकी अगदी पुढं होती. पायातली चिंधीसुद्धा दिसत होती.

पाडव्याच्या तोंडावर ट्रॉल्या परतल्या. त्या ग्रामपंचायतीसमोरच थांबतात. बायकांनी उतरल्या उतरल्या तो फ्लेक्स बघितला, एकमेकींना आपापल्या कोंबड्या दाखवल्या, आणि हसत-खिदळत वस्तीवर आल्या. मावशी दारात बसली होती. पुढ्यात सूप, सुपात चिंध्या. मी माझ्या दारात चहाचा ग्लास घेऊन उभा होतो.

“मानमोडी आली गं बायांनो,” मावशी म्हणाली. “एक न्हाई ऱ्हायली. माझ्याबी गेल्या.”

मग मुक्तानं विचारलं, “आन त्यो पंचायतीवरचा फोटो?”

“त्यो आधीचा हाय.”

“कोंबड्या मेल्या आन फोटो लागला? कावून? मेलेल्या कोंबड्यांचा कुणी फोटो लावतं का?”

मावशीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. एकदाच. बाकी कुणाच्या ध्यानात आलं नसेल. डालं मी उचललं, दाणे मी टाकले, एवढी दोनच वाक्यं बोलायची होती. साहेबांचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. पण माझ्या डोक्यात आलं, की हे तालुक्याला जाईल, चौकशी लागेल, बदलीचा कागद अडकेल. मी ग्लासातल्या चहाकडे बघत राहिलो.

“ही बघ तुझी चिंधी,” मावशी मुक्ताला म्हणाली. “पुरायच्या आधी सोडून ठिवली.”

मुक्ता म्हणाली, “चिंध्या काय मावशी, इकायच्या आधीबी सोडता येत्यात.”

ते ऐकून मावशीचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही, कारण मी आत निघून गेलो होतो. दाराला कडी लावली होती. बाहेरून तिचा आवाज तेवढा आला, “ज्याची त्यानं उचला बायांनो.”

संध्याकाळी धीर करून मी तिच्याकडे गेलो. ती ज्वारी निवडत होती. मी म्हणालो, “मावशी, मी सांगतो सगळ्यांना. उद्याच सांगतो.”

“दुपारी तिथंच हुतात की गुरुजी,” ती म्हणाली. आणि खडे वेचत राहिली.

त्या बोलण्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. आता सांगून काय उपयोग, असं तिला म्हणायचं असेल, असं मी ठरवून टाकलं. उद्या आला, परवा आला, पावसाळा आला. मी कुणालाही काही सांगितलं नाही. तिनंही माझं नाव कुणाकडे काढलं नाही. तिनं नुसतं ‘गुरुजींनी डालं उचललं’ म्हटलं असतं तरी अर्ध्या बायकांनी विश्वास ठेवला असता. ते तिनं का केलं नाही, हे मी तिला विचारू शकलो नाही. मला वाटतं, जे मी बोलायला हवं होतं ते माझ्या जागी बोलायला ती तयार नव्हती.

गावातल्या बायका भांडल्या नाहीत. त्या नुसत्या यायच्या थांबल्या. पुढच्या दिवाळीला कुणी कोंबड्या धारूरच्या बाजारात विकल्या, कुणी पाहुण्यांकडे पोचवल्या, कुणी पिंजरा करून ट्रॉलीत घातल्या. मावशीकडे एकही आली नाही. अंगण ती तरी रोज झाडायची. झाडायला तिथं काही नसायचं.

तिच्या चुलतभावाची टोळी त्या वर्षी कारखान्याला जाणार होती. टोळीतली पोरं सांभाळायला आणि भाकऱ्या थापायला म्हातारं माणूस हवं होतं. मावशी निघाली. त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. घाटनांदूरची शाळा, मी मागितली तीच. त्या सकाळी मीही सामान बांधत होतो.

ट्रॅक्टर वस्तीच्या तोंडाशी उभा होता. मावशीनं बोचकं ट्रॉलीत दिलं, परत येऊन घराला कुलूप घातलं. जाणारा माणूस घराची किल्ली राहणाऱ्या शेजाऱ्याकडे देऊन जातो. भिंतीला भिंत लागून माझंच दार. मी जातोय हे तिला अजून माहीत नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. ती माझ्या दिशेनं आली तशी मी उंबऱ्यावर पुढं झालो, हातसुद्धा थोडा पुढं केला.

“येते गुरुजी,” ती म्हणाली, आणि पुढं गेली.

तिसऱ्या घरातली मुक्ता ओल्या बाळंतपणामुळं त्या वर्षी मागं राहिली होती. तान्हं पोर खांद्याशी धरून ती दारात उभी होती. सहा-सात महिन्यांत त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मावशीनं तिच्यापुढं किल्ली धरली. मुक्तानं हात पुढं केला नाही. म्हणाली, “माझ्याकडं कावून? गुरुजी हायेत की शेजारी.”

“तुला जे वाटलं ते तू माझ्या तोंडावर बोललीस,” मावशी म्हणाली. “घराकडं ध्यान ठिव.”

मुक्ता एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पोर दुसऱ्या खांद्याशी घेतलं आणि किल्ली घेऊन पदराला बांधली. मावशी ट्रॉलीत चढली, भांड्यांच्या कडेला जागा करून बसली आणि ट्रॅक्टर सुरू झाला.